डोक्यावरचा जॉइंट

अन्वरभाई, सोमवारी मी वेल्डरांच्या यादीतून तुमचं नाव काढलं. नाव काढताना संगणक कारण विचारतो आणि उत्तरं दोनच देतो, 'नोकरी सोडली' किंवा 'मुदत संपली'. खराडीतल्या कुठल्याशा गारेगार ऑफिसात बसून ज्यानं हा प्रोग्रॅम लिहिला, त्याला तिसरं कारण सुचलं नसावं. मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत बसले. शेवटी 'मुदत संपली'वर क्लिक केलं.

तशी ती आधीच संपली होती. सहा महिने हातात वेल्डिंगचा होल्डर धरला नाही की वेल्डरची पात्रता जाते. हा नियम तुम्हाला मीच सांगितला होता. तुम्ही तर आठ महिने अंथरुणावर होतात. तरी तुमच्या नावापुढचा रकाना मी रिकामा ठेवला होता. नियमाकडे एवढी डोळेझाक करायला मला अठरा वर्षं लागली.

गंज पेठेतल्या तुमच्या घराखाली आम्ही सगळे उभे होतो तेव्हा तुमचा चेला सुभाष लहान मुलासारखा रडत होता. पुरुष तुम्हाला घेऊन कब्रस्तानाकडे निघाले आणि मी जिन्याशी तशीच राहिले. आपल्या वर्कशॉपमधली सगळी माणसं तुमच्याबरोबर गेली. मी एकटीच रिक्षानं कर्वेनगरला घरी आले आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसून राहिले. रडू आलं नाही. मनात फक्त आपली भांडणं येत होती, एकामागून एक.

पहिलं भांडण मी रुजू झाले त्याच आठवड्यातलं. धायरीतला आपला शॉप, पत्र्याखाली चाळीस माणसं, त्यांत बाई म्हणून मी एकटी. हातात वेल्डिंगच्या नियमांचं, म्हणजे कोडचं, जाडजूड पुस्तक. कंपनीला बॉयलर आणि प्रेशर व्हेसलची मोठी कामं घ्यायची होती, म्हणून प्रत्येक वेल्डरची नव्यानं परीक्षा घेऊन त्याला लेखी पात्रता द्यायची होती आणि ते काम माझ्याकडे आलं होतं. तुमची पंचवीस वर्षं वेल्डिंगमध्ये गेलेली. मी तुम्हाला समजावून सांगायला लागले की प्लेट कुठल्या स्थितीत आहे यावर पात्रता ठरते. सपाट प्लेटवर पास झालात तर सपाटच काम करता येईल, उभं नाही, डोक्यावरचं नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "मॅडम, आपण कधी रॉड धरलाय हातात?"

"कॉलेजात. टेबलावर."

"टेबलावर सगळेच धरतात. या."

तुम्ही एका स्टँडखाली पोतं अंथरलंत, मला त्यावर आडवं व्हायला लावलंत, वर एक प्लेट बांधलीत आणि होल्डर हातात दिलात. मी आर्क लावला. पहिलाच थेंब हातमोज्याच्या कडेतून मनगटावर पडला आणि मी ओरडले. वितळलेलं लोखंड खाली येणारच हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. अंगावर आल्यावर ते खरं ठाऊक झालं. तुम्ही मनगटावर पाणी ओतत म्हणालात, "टेबलावर धातू आपोआप जागी बसतो. भिंतीवर त्याला सांभाळून वर न्यावं लागतं. डोक्यावर त्याला पटवावं लागतं की बाबा, पडू नकोस. हे आपल्या पुस्तकात कितव्या पानावर आहे?"

सगळा शॉप हसला होता. मी चिडले होते. आज वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षणात तो एक तास सर्वांत जास्त उपयोगी पडला. हे तुम्हाला मी कधी म्हटलं नाही. आपल्याकडे कुणाला चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती. चहा पुढे सरकवला की समजून घ्यायचं.

मग तुमची परीक्षा आली. पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप, हलवायचा नाही, फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. त्यावर पास झालेला माणूस कुठल्याही स्थितीत काम करायला मोकळा. तुम्ही सहज बसलात आणि तासाभरात उठलात. वरून बघायला जॉइंट देखणा होता. एक्स-रेची फिल्म आली तेव्हा पाइपच्या तळाशी, जिथे वेल्डिंग डोक्यावरून करावं लागतं, तिथे रूट, म्हणजे जॉइंटचा सर्वांत आतला थर, आत ओढलेलं दिसलं. दोन बोटं लांबीचा भाग, पण मर्यादेच्या पलीकडचा. मी तीनदा मोजलं. तुम्हाला नापास केलं.

"लगेच परत देता येते," मी म्हणाले. "एकाऐवजी दोन पाइप करायचे, एवढंच."

"मी काय शाळेत आहे का मॅडम, परत परीक्षेला बसायला?"

तुम्ही सपाट आणि आडव्या कामाची साधी परीक्षा दिलीत, पास झालात आणि तेवढ्यावरच थांबलात. तुमच्याकडून शिकलेला सुभाष मात्र तिरक्या पाइपवर पहिल्याच फटक्यात पास झाला. त्या दिवशी तुम्ही मंडईतून पेढे आणलेत, सगळ्यांना वाटलेत, मलाही दिलेत. म्हणालात, "घ्या मॅडम. माझा हात पास झाला, फक्त दुसऱ्याच्या खांद्याला लावलेला आहे."

आपलं सगळ्यांत लांब चाललेलं भांडण मात्र एका वेगळ्याच गोष्टीवरून होतं. वेल्डरच्या परीक्षेआधी प्रोसिजरची परीक्षा होते, म्हणजे कुठला धातू, कुठला रॉड, किती करंट, ही सगळी कृती कागदावर लिहून तिचा एक नमुना तोडून, वाकवून बघायचा. एकदा कृती पास झाली की ती बहुतेक वेळा कुठल्याही स्थितीत चालते. प्लेट सपाट ठेवून कृती सिद्ध केली, तरी डोक्यावरच्या कामाला तोच कागद लागू. हे तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही जेवणाचा डबा तसाच ठेवून माझ्या टेबलाशी आलात.

"म्हणजे कागदाला सगळ्या पोझिशन माफ, आणि माणसाला एकही नाही?"

"कागदावर धातूची परीक्षा असते, अन्वरभाई. धातूला वर-खाली कळत नाही. तुमची परीक्षा हाताची."

"आणि धातूला हात कोण लावतो? कागद?"

या वादात मी पूर्ण बरोबर नव्हते, हेही तुम्हीच दाखवलंत. गोठणबिंदूच्या खूप खाली चालणाऱ्या एका टाकीचं काम आलं होतं. तिथे जॉइंट नुसता मजबूत असून भागत नाही, थंडीत तो काचेसारखा तडकता कामा नये. प्रोसिजरसाठी सुभाष उभी प्लेट खालून वर लावत होता आणि तुम्ही मागे हात बांधून उभे होतात. मधेच म्हणालात, "फार रेंगाळतोय. प्लेट शिजते आहे." मी लक्ष दिलं नाही. आठवड्यानं लॅबचा रिपोर्ट आला, थंड करून हातोडा मारलेले तिन्ही तुकडे नापास. मग मी पुस्तक उघडलं. त्यात लिहिलंच होतं की अशा थंडीच्या कामात, उभं खालून वर लावायचं असेल तर प्रोसिजर त्याच स्थितीत सिद्ध करावी, कारण तसं लावताना हात सावकाश चालतो, धातूला उष्णता जास्त बसते आणि त्याचा चिवटपणा जातो. मी तो नियम पाळत होते. त्याचं कारण मात्र तुम्ही प्लेटच्या रंगावरून ओळखलं होतं. दुसऱ्या खेपेला तुम्ही सुभाषला हात न झुलवता बारीक बारीक थर लावायला सांगितलेत आणि तुकडे पास झाले. रिपोर्टवर सही माझी होती.

आता त्या दिवसाबद्दल. तो टाळून हे लिहिणं खोटं होईल.

शहराबाहेरच्या एका कारखान्यात वाफेची लाइन बदलायचं काम होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. छताजवळ आडव्या जाणाऱ्या पाइपचा एक शेवटचा जॉइंट राहिला होता आणि सुभाषला आदल्या दिवशी डेंग्यू झाला. अशा जॉइंटला तळाशी डोक्यावरून, बाजूंना उभं आणि माथ्यावर सपाट, असं तिन्ही तऱ्हांचं काम एकाच गोलात करावं लागतं. त्या साइटवर त्याला पात्र असा माणूस नव्हता. तुम्ही जमिनीवरच्या सपाट कामासाठी आला होतात. मी दुसरा वेल्डर मिळवायला फोनवर फोन करत गेटवर गेले, तिथे दोन तास गेले. परत आले तर तुम्ही मचाणावरून उतरत होतात. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, उजवा खांदा डाव्या हातानं धरलेला.

"झाला, मॅडम. फिल्म काढा."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर आपण नाही म्हणाला असतात."

फिल्म काढली. गिऱ्हाइकाकडचे तपासनीस साने साहेब, पिकलेल्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी ती प्रकाशावर धरली आणि माझ्या हातात दिली. अन्वरभाई, तशी फिल्म मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. तळापासून माथ्यापर्यंत एकसारखी, एक ठिपका नाही, एक रेघ नाही. जिथे परीक्षेत तुमचं रूट आत गेलं होतं, तिथेच ते सर्वांत सुरेख होतं. मी रिपोर्ट लिहिला: प्रोसिजर योग्य, फिल्म निर्दोष, वेल्डर या स्थितीसाठी पात्र नाही, जॉइंट काढावा.

साने साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

फिटर ग्राइंडर घेऊन वर चढायला लागला तेव्हा तुम्ही त्याला थांबवलंत. "मी लावलाय, मीच कापतो." तुम्ही पुन्हा मचाणावर गेलात. ठिणग्या माझ्या पायाशी पडत होत्या. मी तिथून हलले नाही, कारण हलले तर मला वाईट वाटतंय असं दिसलं असतं. कापून झाल्यावर तुम्ही खाली आलात, ग्राइंडरची वायर नीट गुंडाळलीत, फिटरच्या हातात दिलीत आणि नळावर तोंड धुवायला गेलात. दुसऱ्या दिवशी बाहेरून पात्र वेल्डर आला. त्याचा जॉइंट पहिल्या फिल्मला नापास झाला, दुरुस्त करावा लागला, मग चालला.

त्यानंतर आपण त्या जॉइंटबद्दल कधीही बोललो नाही. हे मला अजून समजत नाही. एवढ्या तेवढ्यावरून माझ्या टेबलाशी येऊन भांडणारा माणूस त्यावर एक अक्षर बोलला नाही.

कंपनीनं पुढे फिरवायचं मशीन घेतलं. पाइप त्यावर गोल फिरतो, वेल्डर एका जागी बसतो, काम कायम त्याच्यासमोर सपाट येतं. तुम्ही शेवटची अकरा-बारा वर्षं त्या मशीनशी बसलात. नवीन मुलं तुम्हाला 'फ्लॅटवाले चाचा' म्हणायची, मी ऐकलं आहे. तुम्हीही ऐकलंच असेल. मी एकदा सहज म्हटल्यासारखं केलं, "परत परीक्षा द्यायची का, अन्वरभाई?" तुम्ही चेहऱ्यावरची काच खाली ओढलीत आणि आर्क लावलात.

माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटला बाल्कनीची जाळी बसवायची होती तेव्हा मात्र एका रविवारी तुम्ही स्वतः आलात. वरच्या स्लॅबला लागून जे चार टाके मारायचे होते, ते स्टुलावर उभं राहून, मान मागे टाकून मारलेत. माझी आई चहा घेऊन दारात उभी. तुम्ही काच वर करून तिला विचारलंत, "काकू, इथे सर्टिफिकेट लागत नाही ना? तुमच्या मुलीची भीती वाटते." आई खूप हसली. मी पण हसले. तेव्हा बोलता आलं असतं. मी सांडशी शोधायला आत गेले.

मग खोकला, मग दम, मग घरी ते ऑक्सिजनचं घुरघुरणारं मशीन. डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षं धुरात काम केलंत, तर तुम्ही म्हणालात, "धूर माझ्यात काम करत होता." मी शेवटची आले तेव्हा तुम्हाला एक वाक्य पूर्ण करायला तीन श्वास लागत होते. त्यातही तुम्ही विचारलंत, "सुभाषचा सहा महिन्यांचा रेकॉर्ड भरला?" मी म्हणाले, भरला. तुम्ही म्हणालात, "माझा गेला असेल." मी म्हणाले, तुम्ही बरे व्हा, मग बघू. अशा वेळी लोक म्हणतात तेच मी म्हणाले, आणि पाच मिनिटांत उठले.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी शमीमभाभींना भेटायला गेले. त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पांढरी ओढणी, मशीन भिंतीशी बंद. शेजारच्या बाईंनी चहा दिला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग भाभी आपणहून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नव्हता हां त्यांचा. तो पाइप कापला म्हणून."

मी वर पाहिलं.

"त्या दिवशी घरी आले ते खूश होते. मला म्हणाले, साने साहेबांनी गेटवर थांबवून सांगितलं. पुस्तकात एक नियम आहे म्हणे. वेल्डरची परीक्षा वेगळी घेतली नाही तरी चालते, त्याच्या पहिल्याच जॉइंटची पूर्ण फिल्म काढायची, ती चांगली आली तर माणूस पास. मी म्हटलं, मग जाऊन भांडा ना मॅडमशी! तर म्हणाले, नको. लहान आहे, सगळी पानं पाठ नसतील. सापडलं की स्वतः येईल."

भाभींनी ओढणी सारखी केली.

"पहिले काही महिने मीच विचारायची, आली का मॅडम? नंतर विचारणं सोडलं. एकदा त्यांनीच काढलं. म्हणाले, तिला तो नियम सापडलाच नसणार. सापडला असता तर आली असती. तेवढी ती सरळ आहे."

मी कप खाली ठेवला. म्हणाले, "भाभी, सापडला होता."

"कधी?"

"दोन आठवड्यांनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. हिशेब लागत नसल्यासारख्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला कशाला सांगता, मॅडम? मी काय करू त्याचं? त्यांना सांगा."

म्हणून सांगते आहे.

अन्वरभाई, मी दुसराच तक्ता शोधत होते आणि ते पान उघडलं. दुपारची वेळ होती, तुम्ही समोरच वीस पावलांवर बसून काम करत होतात. मी तो नियम दोनदा वाचला. आधी स्वतःला म्हटलं, हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवायला हवं होतं, तुम्ही न विचारता केलंत, म्हणून ते लागू नाही. ते अर्धं खरंही होतं. वरच्या साहेबांना विचारलं असतं तर त्यांनी एक अर्ज, एक सही करून ती फिल्म तुमच्या नावे धरली असती, निदान पुढच्या कामाला तशी संधी दिली असती. मी विचारलं नाही. तुमचा तो जॉइंट मी चाळीस माणसांना कळेल असा कापायला लावला होता. आता उठून, त्याच चाळीस जणांसमोर, मला एक पान माहीत नव्हतं म्हणून हे झालं असं सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. एवढंच कारण आहे. बाकी सगळी मी नंतर जोडली.

ती फिल्म अजून रेकॉर्ड रूममध्ये आहे. काल मी ती काढून प्रकाशावर धरली. ती बघून एवढं तरी मला तुम्हाला नियमानं सांगता येतं.

त्या दिवशी तुम्ही पास झाला होतात.